गाडी चांगली शे, पन लेवाले कोनी येत नही

पाचोऱ्याचा एक मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला आहे. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: "काका, इथं जुनी जॅग्वार एक्सजे-एस, बारा सिलिंडरची, चालू स्थितीतली, एखाद्या साध्या नव्या हॅचबॅकच्या पैशांत मिळते. तिच्या आधीची ई-टाइप मात्र फ्लॅटच्या किमतीला. पोर्शेचंही तेच. ९११ ला हात लावायची सोय नाही आणि ९२४, ९४४ ला फारसं कोणी विचारत नाही. नाव मोठं, इंजिन चांगलं, तरी या गाड्या स्वस्त का? यात काही गोम आहे का? आणि मी एक्सजे-एस घेऊ का?"

तुझ्या आप्पांची फियाट ११०० डिलाइट माझ्या हाताखालून गेलेली आहे, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. बारा वर्षं मी शारजात एका गॅरेजला होतो, १९८७ ते ९९. या सगळ्या गाड्या तिथं उघडल्या, बांधल्या, एक-दोन बिघडवल्याही. परत आल्यापासून जळगावात जुन्या गाड्यांचंच काम. भाव मी ठरवत नाही, ते लिलाववाले ठरवतात. मला ठाऊक आहे ते गाडी उघडल्यावर आत काय निघतं तेवढं. पण भावाचं निम्मं कोडं तिथंच सुटतं असं माझं मत आहे.

गोम आहे. ती समजून घ्यायला आधी जॅग्वार सोड आणि माझ्याबरोबर एरंडोलजवळच्या एका खेड्यात चल.

वाड्याच्या मागच्या पडवीत एक स्टँडर्ड हेरल्ड उभी होती. टपावर पोत्यांची चवड, आत कोंबड्यांनी केलेली घाण. तीस वर्षं जागची हललेली नव्हती. घरचे जिभाऊ म्हणाले, "देख रे भो, काही होस का." मी आधी पान्याच्या मुठीनं पत्रा ठोकत फिरलो. आवाज खणखणीत. आपल्याकडची हवा पत्र्याला मानवते. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, पण दमटपणा नाही, त्यामुळं कोकणातल्या गाडीसारखी खालून चाळण होत नाही. आपल्याकडे मरतं ते रबर. दाराच्या पट्ट्या भुगा होऊन हातात आल्या, ब्रेकचे कप दगड झालेले, वायरीला बोट लावलं की वरचं वेष्टण तडकायचं. मागची सीट उंदरांनी कधीच वाटून घेतली होती.

हेरल्ड ही साधीसुधी गाडी नाही बरं का. इंग्लंडच्या ट्रायम्फची ही गाडी १९६१ पासून मद्रासला बनायला लागली. रेखाटन इटलीच्या मिकेलोत्तीचं. बोनेट उचललं की मडगार्डांसकट अख्खं तोंड पुढं उघडतं, मग टायरवर बसून इंजिनाचं काम करावं. हिचीच चेसिस आखूड करून ट्रायम्फनं स्पिटफायर नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे वाड्यातल्या त्या पडवीत स्पिटफायरची सख्खी बहीण उभी होती.

जिभाऊंना हिशोब करून दिला. डेंटिंग, रंग, क्रोम, सीटा, वायरिंग, ब्रेक, इंजिन, सगळं मिळून साडेचार लाख. त्यांनी विचारलं, "आनि इकी तं कितला येतीन?" मी म्हटलं, विकली आणि नशीब चांगलं असेल तर तीन. जिभाऊ हसले आणि म्हणाले, "म्हनजे गाडी चांगली शे, पन लेवाले कोनी येत नही." पद्मिनी असती तर गिऱ्हाईक आठवड्यात दारात आलं असतं, कारण पद्मिनीत प्रत्येकाची कुणाची तरी वरात गेलेली असते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर जिभाऊंच्या त्या एका वाक्यात आहे. रंगारी विचारत नाही की गाडी कोणती, तो पत्र्याची फुटं मोजतो. क्रोमवाल्याला बंपर म्हणजे बंपर. चामडं, काच, मजुरी, सगळ्यांना दर एकच. खर्च गाडीच्या नावावर ठरत नाही आणि किंमत मात्र नुसत्या नावावर ठरते. या दोन आकड्यांमधलं अंतर जिथं उलटं पडतं, तिथं गाडी अडकते. मालक ती दुरुस्त करत नाही, कारण पैसे परत येणार नाहीत. दुरुस्त न केल्यामुळं बाजारात दिसतात त्या सगळ्या खिळखिळ्या. त्या बघून लोक म्हणतात, ही गाडीच खिळखिळी. भाव आणखी उतरतो. पुढचा मालक आणखी कमी खर्च करतो.

आता तुझी जॅग्वार घे. ई-टाइप १९६१ ला आली, एक्सजे-एस १९७५ ला. दोन्ही तू राहतोस त्याच गावात, ब्राउन्स लेनच्या कारखान्यात बनल्या. ई-टाइपच्या शेवटच्या मालिकेत, १९७१ पासून, ५.३ लिटरचं व्ही-१२, म्हणजे सहा-सहा सिलिंडरच्या दोन तिरप्या ओळींचं इंजिन होतं. एक्सजे-एसमध्ये तेच इंजिन, फक्त कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन. मागचं सस्पेन्शनही त्याच घराण्यातलं. म्हणजे खर्चाची कामं जवळजवळ सारखीच.

एक काम जवळून दाखवतो. या दोन्ही गाड्यांत मागचे ब्रेक चाकाशी नसतात. डिस्क आत, मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलला (आम्ही नुसतं डिफ म्हणतो) खेटून बसवलेल्या. कागदावर कल्पना उत्तम, चाकावरचं वजन कमी होतं, गाडी रस्त्यावर गालिच्यासारखी चालते. पण ब्रेक तापला की ती धग शेजारच्या डिफच्या ऑइल सीलला भाजून काढते. सील कडक होतं, ऑइल झिरपून डिस्कवर येतं आणि ब्रेक घसरायला लागतो. डिस्क बदलायची तर वरून हात जात नाही. डिफ, स्प्रिंगा, शॉक, हाफ शाफ्ट असा अख्खा मागचा सांगाडा एका पिंजऱ्यात बांधलेला असतो, तो जसाच्या तसा खाली उतरवायचा. शारजात आम्ही दोघं जण हे काम करायचो. पिंजऱ्याचे रबरी माउंट उन्हानं फाटलेले असायचे, जॅकवर तो एका अंगाला कलला की काळजाचा ठोका चुकायचा. काम मात्र खरं दोन-तीन दिवसांचं. बिल बघून ई-टाइपवाला मान हलवून सही करायचा. एक्सजे-एसवाला म्हणायचा, "इतके? गाडीच तेवढ्याची नाही." आणि पुढच्या महिन्यावर टाकायचा. जॅग्वारनं १९९३ पासून एक्सजे-एसचे मागचे ब्रेक चाकाशी नेले, तेव्हा आमच्या फोरमननं सगळ्यांना चहा पाजला होता.

असं ढकलत ढकलत काय होतं? पहिला मालक सगळी सर्व्हिस वेळेवर करतो. दुसरा ऑइल बदलतो. तिसरा पेट्रोल टाकतो. चौथ्याच्या हातात ती पेट घेते. अक्षरशः पेट घेते म्हणतोय मी. व्ही-१२ च्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत पेट्रोलचे रबरी पाइप जातात. गाडी बंद केल्यावर पंखा थांबतो आणि सगळी धग त्या खोबणीत साठते. वर्षानुवर्षं भाजून रबर कडक होतं, क्लिपेजवळ केसासारखी चीर पडते, आणि इंजेक्शनच्या दाबानं पेट्रोल फवाऱ्यासारखं गरम इंजिनावर. पाइपांना पैसे ते किती! पण तेही टाळले जातात, आणि मग नाव होतं 'जॅग्वारी पेटतात'.

तर पहिलं कारण हे, आणि माझ्या लेखी सगळ्यात वजनदार. बाकीची त्याच्याभोवती गुंफलेली आहेत.

दुसरं आहे थोरल्याची सावली. रावेर-सावद्याकडे केळीचा भाव निघतो तेव्हा नवती वेगळी, पिलबाग वेगळी. पहिल्या लागवडीचा माल नवती, त्याच बुंध्याच्या पिलाचा माल पिलबाग. पिलबाग खायला कमी गोड असते का? नसते. पण भाव पुकारताना तिचा नंबर खालीच. पोर्शेत ९११ ही नवती, बाकी सगळी पिलबाग.

९१४ घे. १९६९ ची, इंजिन मधोमध, वळणावर ९११ पेक्षा समंजस. पण ती फोक्सवॅगनबरोबर मिळून काढली, युरोपात विकलीही फोक्सवॅगन-पोर्शे या नावानं, आणि बहुतेकांत चार सिलिंडरचं फोक्सवॅगनचं इंजिन. झालं, जातीबाहेर. ९२४ चा जन्म तर फोक्सवॅगनच्या ऑर्डरीवर झाला. तेल संकटानंतर फोक्सवॅगननं अंग काढून घेतलं आणि पोर्शेनं स्वतःचंच काम परत विकत घेऊन १९७६ मध्ये बाजारात आणलं. दोन लिटरचं इंजिन ऑडीच्या घरचं, आणि त्याच घराण्यातलं इंजिन फोक्सवॅगनच्या एलटी या मालवाहू व्हॅनमध्येही बसायचं. 'टेम्पोचं इंजिन' हा शिक्का आजही निघालेला नाही. खरं तर इंजिन पुढं, गिअरबॉक्स मागं, वजन दोन्हीकडे जवळपास निम्मं-निम्मं. चालवलेला माणूस असं बोलत नाही, पण भाव ठरवणारे सगळे चालवतातच असं कुठं आहे?

९२८ ची गोष्ट तर अजबच. तिला १९७८ चा युरोपियन कार ऑफ द इयर किताब मिळाला, तो मिळवणारी स्पोर्ट्स कार आजवर ती एकटी. ९११ ची जागा तिनं घ्यावी असा कंपनीचाच बेत होता. लोकांनी ९११ सोडली नाही, आणि सिंहासनावर बसवायला आणलेली सून कायमची माजघरात राहिली.

९४४ माझी आवडती, आणि जिवाला चटका लावून गेलेलीही तीच. १९८२ ला आलेली, अडीच लिटर, ९२८ च्या व्ही-८ चं निम्मं करावं तसं चार सिलिंडरचं इंजिन. शारजात ऑगस्टच्या एका दुपारी टो करून एक आली, लाल रंगाची, आतून चकाचक. मालक म्हणाला, सिग्नलला बंद पडली, परत सुरू होईना, मी बराच वेळ सेल्फ मारला. मी चावी फिरवली आणि आवाजावरूनच कळलं. चांगलं इंजिन सेल्फवर फिरताना धापा टाकतं, प्रत्येक सिलिंडरला दाब येतो, सोडतं, येतो, सोडतं. हे एकसुरी गरगरत होतं, शिवणयंत्रासारखं. दाबच नाही. व्हॉल्व्ह वेळेवर उघड-मिट करवणारा टायमिंग बेल्ट तुटलेला. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हला भिडतो. हेड उतरवलं, आठांपैकी पाच व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे ठसे. बेल्ट वेळेत बदलला असता तर एका दिवसाचं काम होतं. आता हेडचं काम गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं. मालक दोन दिवस विचार करतो म्हणाला, तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याची गाडी आली. रंग, सीट, गिअरबॉक्स, सगळं उत्तम असलेली गाडी. तेव्हा मला तो माणूस मूर्ख वाटला होता. आज वाटतं, हिशोब त्याचा बरोबर होता, फक्त तो तीस वर्षं आधी केला.

संख्येचंही आहेच. एक्सजे-एस १९९६ पर्यंत बनत राहिली, सुमारे १ लाख १५ हजार. ९४४ दीड लाखाच्या वर. दुसऱ्या टोकाला फेरारी २५० जीटीओ, मोजून ३६. तीच गाडी साठच्या दशकाअखेर काही हजार डॉलरांत हात बदलत होती, कारण तेव्हा ती नुसती जुनी झालेली रेसची गाडी होती. २०१८ मध्ये एक ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. पण कमी संख्या म्हणजे भाव असं सरळ गणित मांडू नको. आपल्याकडची सॅन स्टॉर्म आठवते? नव्वदच्या दशकाअखेरची, फायबरची बॉडी, दोन सीटा, रेनॉचं छोटं इंजिन. फारच थोड्या बनल्या, तरी कोण शोधतंय तिला? दुर्मिळ असून चालत नाही, लोकांना ती हवीशी असावी लागते.

उलट एमजीबी बघ. १९६२ ते ८०, पाच लाखांच्या वर बनल्या. तिची स्वस्ताई मला निरोगी वाटते. आजही तिचा स्क्रू न् स्क्रू मिळतो, इंग्लंडात नवी कोरी बॉडीसुद्धा प्रेस करून देतात. ही गाडी स्वस्त आहे कारण भरपूर आहे आणि दुरुस्त होते. एक्सजे-एस स्वस्त आहे कारण दुरुस्त करायला कोणी धजत नाही. किमतीच्या पाटीवर दोन्ही स्वस्ताया सारख्याच दिसतात, आणि फसणारा माणूस इथंच फसतो. (एमजीबीतही १९७४ नंतरची, काळ्या रबरी बंपरची, उंच केलेली गाडी आणखी स्वस्त. अमेरिकेच्या नियमांसाठी केलेला तो उपद्व्याप. मला स्वतःला ती बदकासारखी दिसते.)

कारखान्यानं लावलेला डाग पिढ्यानं पिढ्या निघत नाही. ट्रायम्फ टीआर७ लिव्हरपूलजवळच्या स्पीक कारखान्यात बनायची, तिथं संप आणि ढिसाळ काम. १९७८ ला कारखानाच बंद झाला आणि काम तुझ्या कॉव्हेंट्रीत, कॅनलीला आलं. नंतरच्या गाड्या बऱ्या निघाल्या, पण तोवर नावाचं व्हायचं ते झालं होतं. ट्रायम्फ स्टॅगचं दुखणं इंजिनातलंच. तीन लिटरचा व्ही-८, लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड, आणि वॉटर पंप खोबणीत उंचावर. पाणी थोडं जरी कमी झालं तरी पंप आधी कोरडा पडतो. तापली की हेड वाकतं, गॅस्केट उडतं. आज जाणकार मिस्त्री चांगला रेडिएटर टाकून, पाण्याचे मार्ग साफ करून ही गाडी जळगावच्या मे महिन्यातही चालवून दाखवेल. तरी कुणाला 'स्टॅग' म्हण, तो 'वाफ' म्हणेल.

चार सीटांचा शापही खरा आहे. फेरारी ३०८ जीटी४ आणि ३०८ जीटीबी, दोघींत तोच तीन लिटरचा व्ही-८. जीटी४ ला मागं दोन इवल्याशा सीटा आणि आकार पिनिनफारिना या नेहमीच्या डिझाइनवाल्यांऐवजी बर्तोनेचा. किंमत कायम खाली. ई-टाइपमध्येसुद्धा २+२, म्हणजे मागं दोन छोट्या सीटा असलेली, आपल्या दोन सीटच्या बहिणीहून स्वस्त. पोरांना शाळेत सोडता येईल अशी गाडी स्वप्नात बसत नाही, असं दिसतं.

शर्यती जिंकल्या की भाव येतो म्हणतात. मग एक्सजे-एसनं काय कमी केलं होतं? टॉम वॉकिनशॉच्या संघानं तिच्यावर १९८४ ची युरोपियन टूरिंग कार स्पर्धा मारली, पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात बॅथर्स्टची १००० किलोमीटरची शर्यत. ९१४/६, म्हणजे ९१४ चीच सहा सिलिंडरची बहीण, तर १९७० च्या फ्रान्समधल्या ल मान्स शर्यतीत एकंदरीत सहावी आली. बाजारानं दोघींच्या पाठीवर थाप मारली आणि भाव होता तिथंच ठेवला.

मग भाव हलतो तरी कशानं? माझ्या पाहण्यात एकाच गोष्टीनं: पंधराव्या वर्षी जी गाडी बघून जीव तुटला ती घ्यायला पन्नाशीत पैसे येतात. आपल्याकडे राजदूत ३५० आली १९८३ ला, यामाहाच्या आरडी ३५० ची देशी आवृत्ती. जळगाव-भुसावळात लोकांनी एकच प्रश्न विचारला, ॲव्हरेज किती? उत्तर ऐकून हँडलवरचा हात काढून घेतला. गाडी खपली नाही, बंद पडली, कित्येक भंगारात गेल्या. पण कॉलेजच्या गेटवर उभं राहून तो दोन सायलेन्सरचा आवाज ऐकणारी पोरं होती, त्यांच्यापाशी पेट्रोलचे पैसे नव्हते. आज तीच माणसं माझ्याकडे येतात, कुणी डॉक्टर, कुणी केळीचा मोठा व्यापारी, आणि ॲव्हरेज विचारत नाहीत. नीट असलेली राजदूत असेल तर एक लाखाच्या खाली बोलायचं काम नाही. बघ, गाडीत एक नट बदलला नाही. बदललं ते माणसाचं वय आणि खिसा.

जपानी गाड्यांचंही असंच झालं. डॅटसन २४०झेड कित्येक वर्षं 'गरिबाची ई-टाइप' म्हणून हिणवली गेली. जानेवारी २०२० मध्ये एक, फार कमी चाललेली, ऑनलाइन लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. ९१४ आणि ९२८ गेल्या दहा-पंधरा वर्षांत वर सरकल्या आहेत. ई-टाइपसुद्धा सत्तरच्या दशकात सेकंडहँड बाजारात पडेल भावानं मिळायची. म्हणजे एक्सजे-एसचा दिवस येणारच नाही असं मी म्हणत नाही. पण त्यावर पैसे लावू नको. १९८८ ला एन्झो फेरारी गेले, त्यानंतर फेरारी आणि मागोमाग सगळ्याच जुन्या गाड्यांचे भाव असे उडाले की शारजातले सोन्याचे व्यापारी गाड्या घेऊ लागले. दोन-तीन वर्षांत फुगा फुटला. आमच्या गॅरेजमध्ये अर्धवट उघडलेल्या तीन गाड्या न्यायला मालक आलेच नाहीत. एकीत मी वर्षभर माझा डबा ठेवायचो.

कायद्याचाही हात असतो. अमेरिकेत २५ वर्षं जुनी परदेशी गाडी त्यांच्या सुरक्षा नियमांतून सुटते, म्हणून त्या वर्षी तिकडचे गिऱ्हाईक तुटून पडतात. तुमच्या इंग्लंडात चाळिशी ओलांडलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ आणि मूळ रूपात असेल तर एमओटी तपासणीही सक्तीची नाही. यात तुझा फायदा आहे, पण तपासणी तू दरवर्षी करूनच घे. माफी कायद्यानं दिली, रबरी पाइपानं नाही. आणि ती गाडी पाचोऱ्याला आणायचा विचार डोक्यात असेल तर घाई नको. आपल्याकडे २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, 'व्हीए' अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला २० हजार फी, दहा वर्षांची मुदत. पण ती गाडी रोज बाजारात न्यायला नसते, रॅली-प्रदर्शनापुरतीच. कस्टमचं शुल्क वेगळंच, त्यासाठी त्यातला जाणकार गाठ.

घ्यायची का? घे. पण स्वस्तातली स्वस्त घेऊ नको. या जातीच्या गाडीत दुसऱ्यानं केलेला खर्च अर्ध्या किमतीत मिळतो, तोच विकत घ्यायचा. ज्यानं वेडेपणानं तिच्यावर पैसे ओतले आणि आता बायकोच्या तगाद्यानं काढतो आहे, असा मालक शोध. बिलांची फाइल जाड हवी. फाइल नसेल तर गाडी कितीही चमकत असो, चहा पिऊन परत ये.

बारा सिलिंडरचा हट्ट नसेल तर १९९१ नंतरची सहा सिलिंडरची, चार लिटरची बघ. धावायला कमी नाही, बोनेटखाली हात घालायला जागा आहे, आणि खोबणीतल्या त्या धगीचा प्रश्न नाही. व्ही-१२ च घ्यायची असेल तर १९८१ नंतरची एचई (हाय एफिशियन्सी) इंजिनाची, पेट्रोल त्यातल्या त्यात कमी पिते. कमी म्हणजे तुझ्या आप्पांना सांगू नको इतकी.

तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळं आपल्या उलटं, रबर टिकतं आणि पत्रा मरतो. गुडघे टेकून दाराखालच्या पत्र्याच्या पट्ट्या (सिल) बघ, मागच्या सस्पेन्शनचे दांडे बॉडीला जिथं बोल्ट होतात ती जागा बघ, मागच्या चाकांच्या कमानी आतून चाचप. चुंबक खिशात ठेव, जिथं चिकटत नाही तिथं पत्रा गंजून लांबी (पुटी) भरलेली. इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर समज, सुरू होताना काहीतरी लपवायचं आहे. मग वीस मिनिटं जागेवर चालू ठेव, तापमानाचा काटा मधोमध येऊन थांबला पाहिजे. चालवताना एक मोकळा रस्ता बघून ब्रेक दाब आणि उतरल्यावर मागून खाली वाक, डिफजवळ ऑइलचा ओला डाग दिसला तर मघाशी सांगितलेला तो पिंजरा उतरवायचा खर्च किमतीतून वजा करून बोल.

आणि व्ही-१२ असेल तर बोनेट उघडून त्या खोबणीतल्या पेट्रोलच्या पाइपांचे जवळून फोटो काढ. बऱ्याच पाइपांवर बनवल्याची तारीख छापलेली असते, ती वाचता येईल असा उजेड धर. फोटो मला पाठव, तोवर बयाणा देऊ नको.